तोतारामची दुप्पट टाकी

"सुकदेवच्या गाडीत संडास हाये ना? मग माह्या गाडीतही पाहिजे! अन् टाकी त्याच्या दुप्पट!"

जळगावच्या मगन मिस्तरीच्या शेडमध्ये उभं राहून तोताराम फिरकेनं हे असं ठणकावून सांगितलं, की शेजारी ट्रकच्या पाठीवर 'हॉर्न' लिहिणाऱ्या पेंटरचा 'र्न' वाकडा झाला.

मगननं कानावरची पेन्सिल काढली. "हे सुकदेव कोण? अन् त्यांची टाकी केवढी?"

"माहा साडू. टाकी केवढी ते मले काय माहीत!"

"मग दुप्पट कशाच्या करू?"

तोताराम विचारात पडला. "तू आधी एक मोठी धर. मग तिच्या दुप्पट कर!"

तोताराम रावेरचा. तीस एकर केळी, दोन ट्रॅक्टर, एक ट्रक, पंचक्रोशीत मान. माणसाला सुखी व्हायला एवढं पुष्कळ झालं. पण तोतारामला साडू होता! सुकदेव बऱ्हाटे. धुळ्याला रस्त्यांची कंत्राटं घ्यायचा. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, म्हणजे मानानं तोतारामच्या खालचा. पण तो खाली राहीच ना! तोतारामनं काळा-पांढरा टीव्ही घेतला, पंधरा दिवसांत सुकदेवकडे रंगीत आला. तोतारामनं स्कूटर घेतली, ती बघायला सुकदेव नव्या जीपमधून आला. फार काय, तोतारामला मुतखडा झाला तेव्हा सुकदेवलाही झाला, तोतारामच्यापेक्षा मोठा झाला, आणि सासूबाई भिकुबाई आधी त्याला बघायला धुळ्याला गेल्या!

हे सगळं तोतारामनं गिळलं होतं. पण ब्याण्णवच्या वैशाखात मुक्ताईनगरला भिकुबाईंच्या नातीचं लग्न लागलं, आणि मंडपासमोर सुकदेवची घरबस येऊन उभी राहिली. खनिजं शोधायला आलेली कुठलीशी परदेशी कंपनी गाशा गुंडाळून गेली, तिच्या लिलावात त्यानं ती उचलली होती. पांढरीशुभ्र! आत दोन पलंग, गॅसची शेगडी, नळ, आणि मागच्या कोपऱ्यात चक्क संडास!

अक्षता पडल्या आणि मंडप ओस पडला. अख्खं वऱ्हाड गाडीचा संडास बघायला रांगेत उभं! सुकदेव दार उघडून धरायचा आणि एकेकाला बाहेरूनच दर्शन द्यायचा. नवरा-नवरी बोहल्यावर एकटीच बसून राहिली. थोड्या वेळानं तीही रांगेत आली.

भिकुबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "काय बाई एकेक! जवाई असावा तं असा!"

मोठा जावई शेजारीच उभा होता. त्याच्या हातात बुंदीचा लाडू होता. त्याचा चुरा झाला.

म्हणून हा मगन मिस्तरी. तोतारामनं एक जुनी मिनीबस घेतली आणि मगननं चार महिने खपून तिचं घर केलं. खाली दोन टाक्या बसवल्या: एक मोरीच्या पाण्याची लहान, आणि एक संडासाची. ती एवढी, की तिच्यात म्हैस पोहली असती! गाडी ताब्यात देताना मगन तोतारामला खाली वाकवून सांगू लागला.

"शेठ, नीट ध्यान द्या. आधी पाइप जोडायचा. ही पट्टी घट्ट आवळायची. मग मोठा व्हॉल्व्ह. मोठी टाकी खाली झाली की मग लहान, म्हणजे मोरीच्या पाण्यानं पाइप धुऊन निघतो. अन् आतमध्ये लाल दिवा लागला की—"

"मगन, एक सांग. ही टाकी धुळ्यावरून कोणी पाहिली तं त्याले दुप्पट वाटंल ना?"

"शेठ, तुमचं ध्यान कुठी हाये?"

"ध्यान हाये! संडासाची टाकी खाली कराले काय कॉलेजात जावं लागते का? चावी फिरवली, काम झालं!"

मगननं तोतारामकडे पाहिलं, मग रंगाचा डबा मागवला आणि गाडीखाली जाऊन काहीतरी लिहून ठेवलं.

डिसेंबरात सारंगखेड्याची दत्ताची यात्रा भरली. घोड्यांचा बाजार, तापीचा काठ, चार दिवसांचा मुक्काम. तोताराम, त्याची बायको सुगंधाबाई, ड्रायव्हर भटू, आणि खास आमंत्रण देऊन बोलावलेल्या भिकुबाई! ही खरी बाजी होती. चार दिवसांत सासूच्या तोंडून एकदा, फक्त एकदा, 'जवाई असावा तं असा' हे वाक्य बाहेर पडायला हवं होतं. ते ऐकायला तोताराम चांगला वीस वर्षं थांबला होता.

पहिल्या दिवशी भिकुबाई संडासातून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "बरं हाये."

बरं हाये! तोतारामला वाटलं, हिला अजून किंमत कळली नाही. चार लोकांनी वाखाणलं की कळेल. तो यात्रेत फिरला आणि जो ओळखीचा दिसेल त्याला गाडीकडे घेऊन आला. रावेरचे केळीवाले आले, पारोळ्याचे घोडेवाले आले, घोडेवाल्यांच्या बायका आल्या.

"या, या! बिनधास्त बसा! नुसतं पाह्याचं नाही, वापरून पाहा!"

"अहो, पुरे करा आता," सुगंधाबाई म्हणाली. "सत्तेचाळीस माणसं झाली! मी मोजू राह्यली."

"सुकदेवच्या गाडीत झाली का सत्तेचाळीस? आपली टाकी दुप्पट हाये!"

तिसऱ्या दिवशी सकाळी संडासाच्या दारावर एक छोटा लाल दिवा लागला. भिकुबाईंनी विचारलं, "हे काय रे तोताराम?"

मगन लाल दिव्याचं काहीतरी बोलला होता खरा. पण काय, ते तोतारामला काही केल्या आठवेना. सासूपुढे 'माहीत नाही' म्हणायचं म्हणजे सुकदेवला आणखी एक गुण!

"ते... शुभ असते आक्का," तो म्हणाला.

भिकुबाईंनी लगेच दिव्याला हात जोडले. संध्याकाळी दोन फुलंही वाहिली.

चौथ्या दिवशी परतीला निघाले. दोंडाईचा मागे पडलं आणि भटूनं आरशातून मागे पाहिलं. "शेठ, मागून गुडगुड आवाज येऊ राह्यला."

"इंजिन असंल."

"इंजिन पुढे हाये शेठ."

पुढच्या खड्ड्याला आवाज गुडगुडीवरून डरकाळीवर गेला. आणि मग वास आला. तो असा आला, की बाहेरून घोंघावत आलेली माशी खिडकीतूनच परत फिरली! सुगंधाबाईनं नाकाला पदर लावला. भिकुबाईंनी आधी स्वतःचा पदर लावला, मग सुगंधाबाईचाही ओढून घेतला.

"टाकी खाली करा ना कुठीतरी!" सुगंधाबाई म्हणाली.

एका शेताच्या कडेला गाडी थांबवली, तर शेतमालक काठी घेऊन धावत आला. त्याला काही सांगावंच लागलं नाही. वाऱ्यानं आधीच सांगितलं होतं!

"धुळ्याले सुकदेवभाऊकडे चला," सुगंधाबाई म्हणाली. "त्यायची गाडी सात महिन्यांपासून हाये. त्यायले इचारा, टाकी कशी खाली करतात."

तोतारामचा चेहरा असा झाला, जणू कोणी त्याच्या केळीच्या बागेत बकऱ्या सोडल्या. "सुकदेवले इचारू? मी? मले माहीत नाही का?"

"मग करा ना!"

"जागा पाहू राह्यलो!"

शेवटी भिकुबाईंनीच निकाल दिला. "मले द्रौपदाले भेटाचं हाये. धुळ्याले घे रे भटू." द्रौपदा म्हणजे धाकटी लेक, सुकदेवची बायको. सासूच्या शब्दापुढे तोतारामचं काही चाललं नाही.

धुळ्यात देवपूरला सुकदेवचा बंगला. सकाळी दहाची वेळ, रविवार. अंगणात सुकदेवची पांढरी घरबस उभी. नुकतीच पुसलेली, पॉलिश केलेली, चकचकीत! तिच्यात तोतारामला स्वतःचं तोंड दिसलं. लांबट आणि जळकं.

बायका आत गेल्या. सुकदेव आंघोळीला गेला होता. आणि तोतारामला कोपऱ्यात बंगल्याच्या सेप्टिक टँकचं झाकण दिसलं. त्याच्या डोक्यात बेत शिजला. सुकदेव आंघोळ करून येईपर्यंत टाकी रिकामी! कोणाला विचारायला नको, कोणाचं ऐकायला नको. वर सुकदेवला म्हणायचं, "तुले किती वेळ लागतो रे? माही तं पाच मिनिटांत होते!"

"भटू, झाकण उचल. पाइप आण."

भटूनं पाइपचं एक तोंड टँकमध्ये सोडलं, दुसरं तोतारामनं गाडीला लावलं. "शेठ, ती पट्टी आवळाची नाही का?"

"मले शिकवू नको! लाव हात."

तोतारामनं मोठा व्हॉल्व्ह फिरवला. काही नाही. आणखी फिरवला. काही नाही. आतून नुसता एक दीर्घ सुस्कारा आला. तोतारामनं दोन्ही हातांनी व्हॉल्व्हचा दांडा धरला, पाय चाकाला लावले आणि सगळी ताकद लावून ओढला. दांडा हातात आला!

आणि मग सत्तेचाळीस माणसं बाहेर पडली.

पाइप गाडीपासून सुटला, फणा काढलेल्या नागासारखा उभा राहिला आणि अंगणभर नाचला. तोताराम आडवा पडला. गाडीच्या तोंडातून हातभर जाडीची धार सुटली, आणि समोर काय होतं? सुकदेवची घरबस! टपापासून चाकापर्यंत एका क्षणात तिचा रंग बदलला. ती पांढरी होती असं कोणी शपथेवर सांगितलं असतं, तरी विश्वास बसला नसता!

भटूनं भिंतीवरून उडी मारली. शेजारचे देवचंद आबा गच्चीवर पेपर वाचत बसले होते, ते उभे राहून ओरडले, "हाई काय शे रे भो? बठ्ठासनी खिडक्या लाई ल्या! खिडक्या लाई ल्या!"

गल्लीभर खिडक्या धडाधड बंद झाल्या. आणि बंद काचांना नाकं लावून लोक बघू लागले.

दारात भिकुबाई, सुगंधाबाई आणि द्रौपदाबाई येऊन उभ्या राहिल्या. भिकुबाईंनी सुकदेवच्या गाडीकडे पाहिलं, मग हातात दांडा घेऊन उभ्या असलेल्या तोतारामकडे.

"तोताराम!" त्या म्हणाल्या. "मुद्दाम केलं ना तुनं?"

"आक्का, नाही हो!"

"मले कळत नाही का? लग्नात त्याची गाडी पाहिली तव्हापासून जळू राह्यला तू! लाडू चुरगाळला होता, मी पाह्यलं! पन असं करतात का रे कोणी? घरच्या माणसाच्या गाडीवर?"

तोतारामनं तोंड उघडलं आणि ताबडतोब मिटलं. ती वेळ तोंड उघडायची नव्हती. मुद्दाम त्यानं काही केलं नव्हतं, हे शंभर टक्के खरं. पण ती धार सुकदेवच्या गाडीवर पडली, त्या पहिल्या क्षणी त्याला मनातून गार वाटलं होतं, हेही खरं! सुगंधाबाई त्याच्याकडे बघत होती. वीस वर्षांच्या संसारात तिनं त्याला रागावून पाहिलं होतं, वैतागून पाहिलं होतं. लाजेनं तिनं मान खाली घातली ती आज पहिल्यांदाच.

तेवढ्यात बनियन आणि लुंगीवर सुकदेव बाहेर आला. त्यानं आपल्या गाडीकडे पाहिलं. गल्ली श्वास रोखून उभी राहिली. तसा तो तिनं आधीच रोखलेला होता!

सुकदेवनं जीपमधून पाना आणि पक्कड काढली, लुंगी खोचली आणि सरळ तोतारामच्या गाडीखाली शिरला. "भाऊ, या आत! तो दांडा घेऊन या!"

तोताराम मागोमाग सरपटत गेला. दोघे साडू पाठीवर पडले, वर दुप्पट टाकी. सुकदेवनं पक्कडीनं व्हॉल्व्हची तुटकी मान धरून पिळली. धार बारीक होत होत थांबली. दोघांच्या अंगावर जे होतं ते सांगण्यासारखं नव्हतं.

"आता पुढे कसं कराचं?" तोताराम हळूच म्हणाला. जीभ जड झाली होती, पण इलाज नव्हता. "तू तुही कशी खाली करतो?"

सुकदेवनं मान दुसरीकडे वळवली.

"सांग ना! आता हरलोच हाये मी."

"भाऊ, मले नाही माहीत."

"म्हंजे?"

"मी कधी खाली केलीच नाही."

"सात महिने?" तोताराम दचकून उठायला गेला आणि त्याचं कपाळ टाकीवर आपटलं.

"भरलीच नाही तं खाली काय करू?" सुकदेव कुजबुजला. "मी कोणाले आत जाऊच देत नाही. मलेच भेव वाटते त्या टाकीचं. रस्त्यात लागलं तं ढाब्यावर थांबतो. आत कांदे भरून ठेवले."

"संडासात कांदे?"

"हळू बोला! चार गोण्या हायेत. हवेशीर जागा हाये." मग आणखी जवळ सरकून तो म्हणाला, "भाऊ, काल सारंगखेड्याहून एक मुकादम आला होता. म्हने तुमी सत्तेचाळीस लोकायले बसवलं. मले रात्रभर झोप नाही आली. मी द्रौपदाले म्हटलं, भाऊनं बाजी मारली."

तोताराम तसाच पडून राहिला. कपाळाला टेंगूळ, अंगभर चार दिवसांची यात्रा, आणि तरी त्याला वाटलं, आपण फुलांच्या गादीवर पडलोय! सुकदेव! सुकदेव त्याच्यावर जळत होता!

"पन हे कांद्याचं कोणाले सांगू नका भाऊ. शपथ घ्या."

"नाही सांगत. केळीची शपथ!"

मग दोघांनी मान वळवून वर पाहिलं. टाकीच्या पत्र्यावर लाल रंगात, बाण काढून, मगन मिस्तरीनं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'आधी पाइप. पट्टी घट्ट. मग १. मग २. शेठ, हे वाचा.'

सुकदेवनं वाचलं आणि तसं केलं. तोतारामनं पट्टी धरली, सुकदेवनं आवळली. एक नंबर उघडला. पाइप भरला, थरथरला, आणि सगळा ऐवज निमूट सेप्टिक टँकमध्ये जाऊ लागला. मग दोन नंबर. मोरीच्या पाण्यानं पाइप धुऊन निघाला. नंतर सुकदेवनं रस्त्याच्या कामावरचा पाण्याचा टँकर बोलावला. दोन्ही गाड्या, अंगण, भिंत आणि दोन साडू धुऊन काढले. खिडक्या एकेक करून उघडल्या. देवचंद आबांनी गच्चीवरून टाळ्या वाजवल्या, आणि सगळ्या गल्लीनं वाजवल्या.

"वा रे सुकदेवभो! काय डोकं शे!"

भिकुबाईंनी लेकीच्या हातातून टॉवेल घेतला आणि स्वतः सुकदेवच्या डोक्यावर टाकला. "ज्यानं आपली गाडी खराब केली, त्याच्याच गाडीखाली गेला. रागाचा एक शब्द नाही. जवाई असावा तं असा!"

तोताराम निथळत उभा होता. टाकी त्याची, पाइप त्याचा, आतला मालसुद्धा त्यानंच गोळा केलेला, आणि वाक्य सुकदेवला! त्याच्या जिभेच्या शेंड्यावर चार गोण्या कांदे आले. सुकदेवनं टॉवेलच्या आडून त्याच्याकडे पाहिलं. तोतारामनं मोठ्या कष्टानं कांदे गिळले.

"आता मी घरी जाते ते सुकदेवच्याच गाडीनं!" भिकुबाई म्हणाल्या. "आत्ताच. त्या दुप्पट गाडीत मी पाय ठेवत नाही."

सुकदेवचा चेहरा पडला. धुळे ते मुक्ताईनगर, अर्ध्या दिवसाचा रस्ता! "आक्का, मी... गाडी अजून ओली हाये..."

"वाळंल रस्त्यानं."

तोताराम पुढे झाला. त्याच्या तोंडातून मध गळत होता. "जा ना आक्का! त्याच्या गाडीत सगळी सोय हाये. काही लाजू नका. पाहिजे तितक्या वेळा जा!"

सुकदेवनं त्याच्याकडे असं पाहिलं, की दुसरा कोणी असता तर विरघळला असता. तोताराम हात हलवत राहिला. गाडी वळणाआड गेली तरी हलवतच राहिला!

रावेरला परत आल्यावर तोताराम बातमीची वाट बघू लागला. शपथ त्यानं पाळली होती; आता जे व्हायचं ते आपोआप होणार होतं. पारोळ्याच्या पुढे केव्हातरी भिकुबाई उठतील, दार उघडतील, आणि मुक्ताईनगरला पोचेपर्यंत सुकदेवची सात महिन्यांची शान चार गोण्यांत बसेल! एक दिवस गेला, दोन गेले. चौथ्या दिवशी त्यानं सुगंधाबाईला मुद्दाम माहेरी पाठवलं. "जा, आक्काची तब्येत पाहून ये. अन् इचार, प्रवास कसा झाला."

संध्याकाळी ती परत आली. तोताराम ओट्यावरच उभा होता.

"काय म्हने आक्का?"

"काय म्हनणार! मी गेल्यापासून निघेपर्यंत सुकदेवभाऊचंच कौतुक. पारोळ्याजवळ आई संडासाले उठली, अन् दार उघडलं तं आत कांदे!"

"हां! मग?"

"मग काय? आई म्हने, केवढा शहाणा जवाई! घाणीची जागाच ठेवली नाही गाडीत. तिचं कोठार केलं. म्हने, मले काय, जनम शेतात गेला. एका वावराच्या कडेला थांबवली गाडी, झालं. नाहीतर तोतारामनं पाहा, सत्तेचाळीस लोकं गोळा केले!"

तोताराम ओट्यावर बसला. जरा वेळानं सुगंधाबाईनं ताट वाढलं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा, आणि शेजारी बुक्कीनं फोडलेला एक लालबुंद कांदा.

"हा कुठला?" तोतारामनं विचारलं.

"आईनं दिला. सुकदेवभाऊनं तिले अख्खी गोणी ठेवून दिली. खाऊन तं पाहा."

खायचा नाही असं ठरवून त्यानं दोन घास नुसत्या ठेच्याशी खाल्ले. डोळ्यांत पाणी आलं. मग बायको आत गेली असं पाहून त्यानं एक पाकळी तोंडात टाकली. चावली. दुसरी टाकली.

कांदा गोड होता. मेला, साखरेसारखा गोड होता!